दातवाला सूर्य

नाही काका, आजारी नाही मी. खडूही संपलेले नाहीत, तो खोका बघा, भरलेला आहे – आणि नव्या महिन्याची यादी त्या डब्यावर नका ठेवू, रंग ओला आहे. हातातच धरा. नाहीतर खिशात घाला परत. बसा, ते स्टूल कोरडं आहे. तुम्ही चर्चचे चिटणीस, पाळकसाहेबांनी पाठवलं म्हणून आलात, तुमच्यावर माझा राग नाही. पण फळा अकरा दिवस कोरा आहे तो मी कोरा ठेवलाय म्हणून. विसरलो वगैरे काही नाही. मला किळस येते, काका. खडू हातात घेतो आणि परत खोक्यात टाकतो.

तुम्ही ती यादी कधी वाचलीत? नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत? नसेल. मी पाच वर्षं वाचली. पाळकसाहेब एका बैठकीत महिन्याचे तीस 'आजचे धीर' लिहून काढतात – तारीख आणि वाक्य, तारीख आणि वाक्य – प्रभू आज तुमचं दार ठोठावणार, प्रभू आज तुमचा डोंगर हलवणार – आणि मी सकाळी सहाला फाटकाजवळच्या फळ्यावर ते उतरवतो. खोकल्याचं गोड औषध असतं ना, जीभ चिकट होते पण खोकला काही थांबत नाही, तसं. कुणाच्या घरात काय झालंय ते यादीला काय माहीत? यादी तर महिनाभर आधीच लिहिलेली. आणि लोक काय करतात – येता-जाता मान हलवतात, छान आहे म्हणतात, पुढे जातात. वाक्याला नाही हो छान म्हणत. अक्षराला म्हणतात. ते मला माहीत आहे. मला तेच हवं होतं.

हसू नका, पण माझी शाळा सातवीत सुटली, आणि त्या सात वर्षांत मला फळ्यापाशी एकदाही कुणी बोलावलं नाही. मागच्या बाकावर बसायचो, कुणाशी बोलायचो नाही, बाईंना वाटायचं याला काही येत नाही. पुढं पाट्या रंगवायला शिकलो. 'येथे वाहने लावू नयेत', 'कुत्र्यापासून सावध' – त्या पाट्या कोण वाचतं अक्षरासाठी? मग पाळकसाहेब म्हणाले, फळा लिहिशील का. मी हो म्हणालो तेव्हा माझे कान तापले होते. अख्खी मंडळी माझं अक्षर वाचणार. रोज.

त्या दिवशीचं वाक्य तुम्हाला आठवतंय. आठवत नाही म्हणू नका, तुम्ही पेटीच्या उजव्या बाजूला होतात, आपण चौघं फाटकातून आत वळलो तेव्हा तुम्हीही वाचलंत आणि मान खाली घातलीत. 'प्रभू दिलेली भेट परत मागत नाही. हसा.' आणि आपल्या खांद्यावर माझ्या ताईची पोर. साडेतीन वर्षांची गोटी. चौघं लागतात का हो एवढ्याशा पेटीला? एकट्यानं उचलली असती मी. ताई मागून येत होती, भावजी तिला धरून. पाळकसाहेबांना मी नंतर विचारलं, तर म्हणाले, अरे, वाक्य यादीतलं होतं, त्या तारखेला तेच होतं, कुणाच्या मनात तसं काही नव्हतं. बरोबर आहे. कुणाच्याच मनात काही नव्हतं. त्याचीच तर शिसारी येते.

काय म्हणता – माझी चूक नाही? मी फक्त उतरवलं? थांबा. तुम्ही म्हणालात म्हणून सांगतो, नाहीतर सांगणार नव्हतो. सूर्य यादीत नव्हता. कोपऱ्यातला तो पिवळा सूर्य, दात दाखवून हसणारा – तो माझा. मला माहीत होतं गोटी गेली. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात मी तिथंच होतो, तिचे बूट माझ्याच पिशवीत होते, पलंगाखालून मीच काढले. सकाळी उठलो, पाय आपोआप फळ्याकडे गेले. वाक्य मी वाचलं, काका. वाचलं नाही असं सगळ्यांना सांगितलंय, पण वाचलं. हात थांबला का? नाही थांबला. 'भेट'वरची मात्रा जरा वाकडी आली म्हणून पुसून पुन्हा काढली. खाली 'हसा' होतं, उजवा कोपरा मोकळा राहिला, मग म्हटलं इथं सूर्य शोभेल. शोभेल. हा शब्द माझ्या मनात आला तेव्हा गोटी पलीकडच्या गल्लीत झाकून ठेवलेली होती.

आणि फोटो. मंडळीच्या ग्रुपवर रोज फोटो जातो तो कोण टाकतं? तुम्ही म्हणत होतात ना, कुणातरी मूर्खानं त्या दिवशीसुद्धा टाकला. मीच तो. सवयीनं. आधी ताईला, मग ग्रुपवर – पहिल्या दिवसापासून तसंच, कारण ताई रोज उत्तर देते. पाच वर्षांत एक दिवस चुकवला नाही तिनं. 'ळ सुंदर आलाय आज.' 'रेघ सरळ आहे.' वाक्याबद्दल कधीच काही नाही, माझ्या हाताबद्दल. मला शाळेत कुणी म्हणालं नाही ते ती सकाळी चहा टाकता टाकता लिहायची.

त्या दिवशीही लिहिलं. हो, त्या दिवशीही. पावणेसात वाजता. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं लिहिलं, 'गोटीचा सूर्य काढलास. बरं केलंस.'

गोटीला दातवाला सूर्य लागायचा, काका. माझ्या मांडीवर बसून सांगायची, मामा, याला दात काढ, अजून काढ, हा जेवणार कसा. ताईला वाटलं मी तिच्यासाठी काढला. आणि मी – खोटं कशाला बोलू – मला तेव्हा गोटी आठवलीच नव्हती. कोपरा मोकळा होता, एवढंच. आता मी ताईसमोर जाऊन काय सांगू? सांगितलं तर तिच्याकडे राहिलेलं तेवढंही काढून घेणार. नाही सांगितलं तर ती माझ्या डोक्यावरून हात फिरवणार, मला धीर देणार – तिची पोर गेलीय आणि ती मला धीर देणार – आणि मी तो घेणार. अकरा दिवस त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. भावजी दोनदा दाराशी येऊन गेले, मी आतून कडी लावून बसलो. या डब्यांच्या मागं, इथं. स्वतःचीच घाण येते हो.

तेव्हा पाळकसाहेबांना सांगा, दुसरा कुणी बघा. अक्षर बरं असलेला कुणीही चालेल.

काय? कोण थांबतं?

ताई? फळ्यापाशी? रोज? – कोरा आहे तरी? – आणि तुम्ही हे आत्ता सांगताय. काय विचारलं तिनं तुम्हाला? नीट सांगा, तिच्याच शब्दांत सांगा.

'तो जेवतोय ना.'

एवढंच?

उठा काका. स्टूल आत घ्यायचंय. यादी न्या, ती नको मला. नाही, खडूही राहू द्या, हातात काही नको. उठा ना. दुकान बंद करायचंय, ताईकडे जायचंय मला.