घरच्यासाठी काढलेला माल

मयुरी : चहा मंग घेजो, अंकिता. आधी माह्यं आयक, नाईतं माह्या तोंडातून निंगणारच नाई.

अंकिता : सकाळपासून ‘आयक आयक’च करून राह्यली तू. वर माही आई पिवळीधम्मक पडली हाय, डॉक्टरचा राउंड व्हाचा हाय, अन् तू मले जिन्याखाली आणलं. बोल ना आता!

मयुरी : काल डॉक्टरनं काकूले इचारलं ना, कोणती पावडर, जडीबुटी, टॉनिक, काई घेतलं का म्हून?

अंकिता : इचारलं. आई म्हणे काईच नाई. मी बी म्हटलं काईच नाई.

मयुरी : घेतलं. माही पावडर घेतली.

अंकिता : स्पिरुलिना? अवं ते तं तू टाकीत वाढवते ते शेवाळ हाय, तूच म्हणत होती, अशक्तपणा जाते. ते काय औषध हाय का?

मयुरी : पयला डब्बा चांगला होता, लॅबमधी तपासलेला, कागद हाय माह्याजवळ. दुसऱ्याचं सांगतो. मी मावशीच्या पोरीच्या लग्नाले हिंगणघाटले गेलती ना, चार दिवस? जाच्या आधी टाकीत सोडा टाकाचा होता, तं सोडा संपला होता, अन् आणाले देवळीले जा लागे, अन् माह्या ब्लाउजचं शिवणं बाकी, अन् गाडी दारात उभी. म्हटलं, आल्यावर टाकू. आली तं टाकीवर अशी निळी-हिरवी साय! अन् वास बापा, डबक्यासारखा. ट्रेनिंगमधी मॅडमनं साफ सांगतलं होतं, सोडा कमी झाला का दुसरं शेवाळ घुसते, त्यातलं एखादं जहरी राह्यते, लिव्हरले लागते, पुरी टाकी फेकून देजा. मी वहीत लिवून घेतलं होतं. खाली दोन रेघा मारल्या होत्या.

अंकिता : मंग फेकली?

मयुरी : इकली नाई! देवाशपथ, एक पुडी इकली नाई. गिऱ्हाइकाले असा माल द्याव का? पण दीड किलो होती, अंकिता. अन् आपल्याइकडं कसं राह्यते, चांगली तूर बाजारात जाते, चुरी घरी. तशीच मी... घरच्यासाठी वेगळी काढली. दोनदा गाळली, कडक वाळवली, वास बी जरा कमी झाला.

अंकिता : अन् आमाले देल्ली.

मयुरी : तुमी घरचेच ना.

अंकिता : घरचे! म्हून चुरी आमाले.

मयुरी : शिव्या दे ना.

अंकिता : तू खाल्ली का?

मयुरी : कोणती?

अंकिता : तेच. घरची.

मयुरी : नाई.

अंकिता : काऊन?

मयुरी : मळमळ झाली वासानं. म्हटलं, उद्यापासून घेईन. बाबानं दोन दिवस घेतली, मंग म्हणे तोंड खराब होते. आईनं झाकण बी उघडलं नाई.

अंकिता : म्हणजे रोज खाणारी माही एकटीच आई. अन् आई त्यानंच पडली, हे तुले कवा समजलं?

मयुरी : काल. डॉक्टर इचारत होते तवाच.

अंकिता : काल! एक पुरी रात्र गेली, मयुरी!

मयुरी : मले वाटलं टाकी बंद करतीन, बचत गटातल्या बाया नाव ठेवतीन, पेपरात येईन. मंग तू म्हटलं ‘काईच नाई’, अन् मले बरं वाटलं. खरंच सांगतो, बरं वाटलं. बस, तेच गिळल्या जात नाई मले.

अंकिता : वर चल. माह्यासमोर नको रडू. वर चल.

(वॉर्ड. कमलाबाई खाटेवर टेकून बसल्या आहेत.)

कमलाबाई : कुठी गेलत्या वं दोघी? मयुरे, डोळे काऊन सुजले तुहे?

मयुरी : काकू, दुसरा डब्बा खराब होता. मले मालूम होतं तरी देल्ला. मी आता डॉक्टरले सांगतो.

कमलाबाई : हळू बोल, बाजूची आयकते. वास तं मले पयल्याच दिवशी आलता. ढोराच्या टाक्यात येते ना, तसा.

अंकिता : मंग खाल्ली कायले, आई? अन् डॉक्टरले खोटं काऊन सांगतलं?

कमलाबाई : पोरीनं आपल्या हातानं केलं, एवढ्या दुरून आणून देल्लं. वास आला म्हून तोंड वाकडं कराव का? अन् डॉक्टर कागदावर लिवते. तिचा धंदा आताच कुठी बसून राह्यला. मी तं मरून नाई राह्यली.

अंकिता : हे तुले कोणी सांगतलं? काल रातच्याले सलाईन लावताना नर्सचं तोंड पायलं का तू?

मयुरी : काकू, माह्यासाठी काई लपवू नका. तुमच्या पाया पडतो. किती खाल्ली, कवापासून खाल्ली, सारं सांगा. डब्ब्यात उरली असन तं तेबी आणतो, तपासाले लागन त्याइले.

कमलाबाई : डब्बा रिकामा हाय.

अंकिता : रिकामा? अर्धा किलो होती! पंधरा दिवसात तू एकटीनं संपवली?

कमलाबाई : एकटीनं नाई. मले पुरी खाववे नाई, अन् फेकववे नाई. म्हून अर्धी...

मयुरी : अर्धी कोणाले देल्ली, काकू?

कमलाबाई : शेजारच्या कौशल्याबाईले. तिची सून पोटुशी हाय ना. म्हटलं, पोरीच्या अंगाले लागन. जहरी असन असं मले काय मालूम, वं?

अंकिता : मयुरी, मी डॉक्टरले घेऊन येतो. तू पयले फोन लाव.

मयुरी : माह्यानं नंबर दाबल्या नाई जाऊन राह्यला, अंकिता.

अंकिता : दे इकडं. घे, लागला. बोल.

मयुरी : हॅलो, कौशल्यामावशी? मी मयुरी. हो, काकूजवळच हाव. मावशी, तुमच्या सुनेले जरा फोन द्या ना.