बर्फातला हात

बाइंडर : नाही ताई, पट्टी बांधलीत तिथे आता बरंच कमी आहे. मी पंज्याबद्दल बोलतोय.

नर्स : काका, पंजा इथे नाही. तो डब्यात आहे, तुमच्या पायाशी.

बाइंडर : ते माहीत आहे हो मला. कागद कापायच्या मशीनचं पातं खाली आलं तेव्हा डोळे उघडेच होते माझे. डब्यातलाच पंजा दुखतोय. गारठून नुसती आग होतेय.

नर्स : होतं असं पुष्कळांना. हात तुटला तरी डोक्याला ते लगेच पटत नाही. सलाइनमधून औषध दिलंय, जरा दम धरा. दंड उशीवरच राहू दे, खाली सोडू नका. किती दुखतंय ते दहापैकी सांगा.

बाइंडर : दहा-बिहा मला नाही कळत. पानांत सांगू?

नर्स : बरं, पानांत सांगा.

बाइंडर : अख्खं पुस्तक दुखतंय. पुठ्ठ्यासकट.

ड्रायव्हर : ताई, पुढे रस्ता उकरून ठेवलाय. हळू घेतो, नाहीतर काकांना दणके बसतील.

नर्स : हळू घ्या मामा, पण थांबवू नका. सर्जन वाट बघतायत. काका, तुम्ही माझ्याशी बोलत राहा. डब्यात हात कुणी भरला?

बाइंडर : मेहुण्याने. दुकानात आम्ही दोघंच. मी जमिनीवर बसून बोंबलतोय आणि हा आपला टेबलाशी उभा राहून व्यवस्थित बांधाबांध करतोय. काम सुबक हो त्याचं.

नर्स : बघितलं मी. दोरीची गाठसुद्धा नेमकी मधोमध. म्हणूनच उघडून बघितलं नाही.

बाइंडर : तुम्ही हसाल, पण ब्राउन पेपरमध्ये गुंडाळला त्याने. गिऱ्हाइकाला पुस्तक देतो तसा, कोपरे दुमडून.

नर्स : कागदात? पिशवीत नाही घातला?

बाइंडर : छे, पिशवीत आम्ही काहीच देत नाही. आत ओल धरते, पानं खराब होतात.

नर्स : आणि बर्फ कुठे घातला?

बाइंडर : खाली बर्फ, वर बर्फ. ताई, करंगळीकडे कागद फाटलाय. तिथून पाणी आत येतंय. आता अंगठ्यापर्यंत आलं.

नर्स : हे तुम्हाला कसं... मामा, गाडी बाजूला घ्या.

ड्रायव्हर : आत्ताच तर थांबवू नका म्हणालात.

नर्स : घ्या म्हणते ना.

(डब्याची दोरी कापल्याचा आवाज. मग झाकण उघडल्याचा.)

ड्रायव्हर : ताई? काय झालं?

नर्स : कागदाचा लगदा झालाय. करंगळीकडूनच फाटलाय. हात उघड्या बर्फावर पडलाय.

ड्रायव्हर : मग? बर्फातच ठेवतात ना?

नर्स : ओल्या फडक्यात गुंडाळायचा, पिशवीत घालायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बर्फ थेट लागला तर मांस मरतं. मग सर्जन कितीही हुशार असू दे, जोडणार काय? इकडे या, ही पिशवी धरा. तोंड फिरवलंत तरी चालेल.

बाइंडर : हं. आता बरं वाटतंय. मनगटाकडे जरा सैल गुंडाळा, ताई.

ड्रायव्हर : ताई, त्यांचे डोळे तर मिटलेत.

नर्स : दिसतंय मला. झालं, तुम्ही गाडी काढा.

बाइंडर : आता दोन-चारच पानं दुखतंय. ताई, खरं सांगा, जोडला जाईल का? उजवा आहे हो. डाव्याने मला शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही, पुस्तकं कुठली बांधतोय.

नर्स : खरं सांगते. रंग अजून बरा आहे. करंगळी तेवढी पांढरीफटक पडलीय. मी दुकानातच डबा उघडून बघायला हवा होता.

बाइंडर : जाऊ द्या. मेहुण्याची गाठ बघून कुणीही फसेल. आता एक पानसुद्धा दुखत नाही बघा.

नर्स : औषध लागू पडलं म्हणायचं.

बाइंडर : औषध कसलं, तुम्ही हात धरलात म्हणून.

नर्स : मी? माझा एक हात तुमच्या डाव्या मनगटावर आहे, नाडी बघतेय. दुसऱ्याने उशी धरलीय.

बाइंडर : मग डब्यातला कुणी धरलाय?

ड्रायव्हर : काका, असलं काही बोलू नका हो. मला गाडी चालवायचीय.

नर्स : कसा धरलाय?

बाइंडर : बोटांत बोटं घालून. घट्ट नाही, नुसता धरलाय. पहिल्या बोटाच्या टोकाला घट्टा आहे. सुईचा घट्टा. थांबा ताई, हा घट्टा मी ओळखतो.

नर्स : कुणाचा?

बाइंडर : दुकानात शिवणकाम तीच करायची. मी कापायचं, तिने शिवायचं. तिने शिवलेल्या पुस्तकाचं पान कधी सुटून आलं नाही. आता मेहुणा शिवतो, बरं शिवतो, पण तिच्यासारखं नाही.

नर्स : काका, तुम्ही बायकोबद्दल बोलताय?

बाइंडर : हो. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

ड्रायव्हर : ताई, मी सायरन लावतो.

नर्स : लावा. काका, तो हात गार लागतोय की ऊबदार?

बाइंडर : गार आहे. माझाही तसाच होत चाललाय. कुठलं बोट तिचं आणि कुठलं माझं, ते आता नीट कळत नाही. छान वाटतंय.

नर्स : डोळे उघडा. इकडे बघा माझ्याकडे. तिला सोडायला सांगा.

ड्रायव्हर : ताई, तुम्हीसुद्धा?

नर्स : मामा, रस्त्याकडे बघा. काका, मला यातलं काही कळत नाही. भीती वाटतेय मला, स्पष्ट सांगते. पण कागद फाटल्याचं तुम्ही झाकण न उघडता सांगितलंत. हात तिच्याच हातात राहिला तर सर्जनच्या हातात मी काय देऊ?

बाइंडर : तुम्हाला म्हणायला सोपं आहे. होती तेव्हा तिचा हात कधी रिकामा नसायचा, माझाही नसायचा. आता कुठे जरा सवड मिळालीय.

नर्स : कळतंय मला. तरी सांगा.

बाइंडर : सोडला की दुखेल ना पुन्हा?

नर्स : दुखेल. मला शिव्या घालाल इतकं दुखेल. औषध आहे माझ्याकडे, मी जवळच आहे.

बाइंडर : लोकांचं दुखणं घालवायचं काम तुमचं, आणि मला दुखू दे म्हणताय.

नर्स : आज तसंच म्हणतेय. तो हात जिवंत असेल तर दुखेलच.

ड्रायव्हर : ताई, हॉस्पिटलचं गेट आलं. स्ट्रेचर घेऊन उभेच आहेत.

नर्स : काका, आता सांगा. आत गेल्यावर तुम्हाला भूल देतील.

बाइंडर : अगं, ऐकतेस का? सोड आता. मी येणारच आहे, पण असा तुकड्या-तुकड्याने नको. येईन तेव्हा सगळाच्या सगळा येईन. दुकानात तुझा भाऊ एकटा पडलाय, घाबरलाय तो. सोड.

नर्स : काका?

ड्रायव्हर : दार उघडू का, ताई?

नर्स : एक मिनिट. काका, बोला. सोडला का तिने?

बाइंडर : एकेक बोट सोडतेय. अंगठा सोडला. पहिलं सोडलं. तिला कधी घाई नसायचीच. आई गं.

नर्स : दुखतंय?

बाइंडर : अख्खं पुस्तक. आई गं. पुठ्ठ्यासकट, ताई.

नर्स : दुखू दे. मामा, उघडा दार. डबा माझ्याकडे द्या, मीच घेऊन जाते. काका, सगळीकडे दुखतंय ना? सगळ्या बोटांत?

बाइंडर : करंगळी सोडून. तेवढी तिने ठेवून घेतली.