रविवारी येतो

नाही नाही, ती पट्टीची वायर ओढू नको देवश्री — हळू गं — आधी मला एक सांग, कंप्युटरची डिस्क नुसती जोडलेली नसली म्हणून आतलं लिहिलेलं पुसून जात नाही ना? नाही ना? सरी, ठीक. परत एकदा म्हण. बरं वाटतं ऐकून. तू हूटगळ्ळीहून दुरुस्तीला एवढी बाइकवर आलीस, पाणी तरी विचारायला हवं, पण आधी हे होऊ दे. तू म्हणतो हं तुला, माझ्या लेकीच्या वयाची तू. आणि आमचं मराठी ऐकून हसू नको. तुम्ही साताऱ्याकडचे लोक, आमच्या चार पिढ्या म्हैसूरलाच गेल्या, निम्मं कन्नडच येतं तोंडात.

काय केलं म्हणून विचारतेस — पूजा केली, दुसरं काय. परवा आयुधपूजा होती, अल्वा? स्कूटर धुतली, विळी, कात्री, शिलाईचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू लावलं आणि मनात आलं, हिच्या कंप्युटरला वरूनच कुंकू काय लावायचं, आत बोटभर धूळ असणार. काढले स्क्रू. आत दोन डिस्का — दोन्ही सोडवल्या, वायरी काढल्या, तो रुपयाएवढा सेल आहे ना, तोसुद्धा काढून पुसला नि परत बसवला. तीस वर्षं बेट्टदपुराच्या हायस्कुलात विज्ञान शिकवलं मी, बल्ब, बॅटरी, सर्किट — वाटलं, एवढं तर येतं आपल्याला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. पूजेच्या दिवशी आयुधं चालवत नाहीत, म्हणून परवा सुरू केला नाही. काल सकाळी बटण दाबलं तर काळा पडदा आणि एक पांढरी ओळ — डिस्क सापडत नाही. ह्याची वायर त्याला लावली, त्याची ह्याला लावली, पाच वेळा, सहा वेळा. तीच ओळ.

नवा घ्या म्हणतेस? नवा नको गं. नव्याला काय करू? ह्यात काही जुनी टायपिंगची कामं आहेत, ती हवीत, बस्स. जानकीची — माझ्या बायकोची. ह्याच मशीनवर घरी बसून टायपिंग करायची ती, लग्नपत्रिका, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, कोर्टाचे अर्ज. आता काम येत नाही, पण साडेदहा वाजले की केस विंचरून, साडी नीट करून येऊन बसतेच. तिला हल्ली आठवत नाही. बरंच काही आठवत नाही. बोटांना मात्र सगळं आठवतं, एक अक्षर चुकत नाही.

आता काय टाइप करते? पत्र. कुणाला — अय्यो, हे मी बोलणार नव्हतो. मला लिहिते. मी ह्या खुर्चीत बसलेला असतो आणि ती मला पत्र लिहिते. अहो, घरात एक म्हातारा येऊन राहिलाय, माझं कपाट उघडतो, माझी औषधं मोजतो, मला भीती वाटते, तुम्ही लवकर या. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मागच्या अंगणात जाऊन दगडावर बसून राहिलो, दूध उतू गेलं तरी उठलो नाही. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी म्हातारा.

मग मी — तू कुणाला सांगू नको — उत्तर लिहिलं. दुपारी ती निजली तेव्हा, तिच्याच पत्राच्या खाली. जानकी, घाबरू नको, त्या म्हाताऱ्याला मीच ठेवलंय तुझ्या सोबतीला, माणूस भला आहे, त्यानं वाढलेलं जेव, रविवारी येतो. दुसऱ्या दिवशी तिनं ते वाचलं, दोनदा वाचलं, मग वळून मला म्हणाली, "यजमानांनी ठेवलंय का तुम्हाला? मग आधी सांगायचं नाही का?" आणि माझ्या हातचं चित्रान्न पोटभर जेवली. आठ महिने झाले ह्याला. रोज सकाळी वाचते, दिवसभर पुरतं. रोज तिला मी परका, आणि रोज मीच माझी शिफारस करतो.

काल वाचायला काही नव्हतं. ताट घेऊन गेलो तर भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कागदावर लिहून दाखवलं — ह्या म्हाताऱ्या हातानं — तर म्हणते, "हे त्यांचं अक्षर नव्हे." शेजारच्या सरस्वतीबाईंच्या हातून अर्धा पेला दूध घेतलं, तेवढंच पोटात. आत्ता त्यांच्याकडेच बसवलीय, पण साडेदहा झाले की ऐकायची नाही. मला भीती वाटते देवश्री. ती मला घाबरते, ह्याची भीती वाटते. ती पत्रं गेली ना, तर ह्या घरात माझ्या बाजूनं बोलायला कुणी नाही.

काय नाहीये म्हणतेस? जंपर? कसला — डिस्कच्या मागं, पिनांवर बसवलेला, काळा, उडदाएवढा? त्यावरून ठरतं पहिली कुठली नि दुसरी कुठली? थांब. थांब हं. पुसताना काहीतरी काळं निघालं होतं. कुठलं ते कळेना, म्हणून मी ते पूजेच्या तबकात ठेवलं. कालच सगळं उचलून तुळशीत टाकायचं, पण ह्या घोळात पूजा उचललीच नाही मी. हे घे तबक. अक्षतांत बघ. तूच बघ, मला नाही सापडायचं. हे? हेच? कुंकू लागलंय, पुसून लाव.

आली? दोन्ही डिस्कांची नावं आली? मग थांबलीस का? हां, सेल काढला म्हणून तेही विसरलं, आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते. मग छोटी वर घे ना, जुनी, तिच्यातच आहे सगळं. मोठीत नुसते फोटो. घेतलीस? सेव्ह केलंस? — हा सुरू होतानाचा सूर. हाच तो. फाइल उघड, आहे का एवढंच बघ. आहे? शेवटची ओळ रविवारी येतो, अशीच आहे? बंद कर, वाचू नको. देवा नंजुंडेश्वरा.

आता काय राहिलं? तारीख? तीही मागं गेली? किती मागं? एक जानेवारी दोन हजार दोन. वार कुठला दाखवतंय?

मंगळवार.

नको, हात लावू नको. दुरुस्त करायची नाही. मंगळवारी मी बेट्टदपुरात असायचो गं, खोली घेऊन. रविवारी पहिल्या बसनं घरी. त्या तारखेला ह्या घरात कुणी म्हातारा नव्हताच, तिचं काय चुकलं? राहू दे तशीच.

फाटक वाजलं, साडेदहा झाले, आली ती. ऊठ, तुझी पिशवी घे, स्वयंपाकघराच्या दारानं जा. मीही येतो अंगणात, तिचं वाचून होईपर्यंत मी समोर थांबत नाही. चप्पल हातात घे. आणि आता बोलू नको, तिला परक्या माणसाचा आवाज ऐकू येईल — तुझा नव्हे गं, माझा.