दहा संगणकांचा दसरा

हसू नका, पण आमच्या शाळेतल्या संगणकांनी एकदा चक्क सुट्टी घेतली होती.

औषधांचं संशोधन करणारे काही लोक आपलं अवघड गणित तुकडे करून जगभर वाटतात आणि हौशी माणसं ते आपापल्या संगणकावर फुकट सोडवून देतात. मलाही तो नाद. चाकूरच्या आमच्या शाळेत दहा संगणक, पण इंटरनेट नाही. मग मी लातूरच्या घरून पेनड्राइव्हमध्ये गणितं न्यायचो आणि आठवड्यानं उत्तरं आणून घरूनच पाठवायचो. मशीन रात्रंदिवस चालू. शिपाई रशीदमामूंना बजावून ठेवलेलं, "काही झालं तरी बंद करायचे नाहीत."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तरं आणायला गेलो. संध्याकाळपर्यंतच मुदत होती. बघतो तर दहाही मशीन बंद! प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचा हार.

माझं डोकंच फिरलं. "मामू, हे काय केलंत?"

"मोठ्या बाईंनी पूजा केली, सर. मग म्याच बंद केले. पोळ्याला बैल जुंपता का तुमी?"

मी संगणक पुन्हा चालू केले आणि घरी येऊन संशोधनवाल्यांना खरं ते कळवलं: सण होता, मशीनला सुट्टी होती, दोन दिवस उशीर होईल. त्यांचं उत्तर आलं, "चालेल. सणाच्या शुभेच्छा."

मी मोठ्या कौतुकानं मामूंना ते वाचून दाखवलं. सुकलेले हार काढता काढता मामू म्हणाले, "मग? तिकडंबी माणसंच हायत की."