वाडीच्या तारेतला करंट

दि. ०९/०५/२०२४, दुपारी ३.४० वा.

माझे नाव हिरकणी प्रविण धोडी, वय ४१ वर्षे, धंदा शेती व मजुरी, रा. गंजाड, वडपाडा, ता. डहाणू, जि. पालघर.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी, पती प्रविण, दीर रघ्या, जाऊ भिकी, वय ३३, व तिची मुलगी निलम, वय ९, असे एकत्र राहतो. आमची वीस गुंठे भातशेती आहे. शेताला लागून दीपेश काशीनाथ राऊत, रा. आगर, यांची आंब्या-चिकूची वाडी आहे. उन्हाळ्यात मी व भिकी त्याच वाडीत फळे उतरवायला मजुरीने जातो. पाड्याची विहिरीवर जायची पायवाट वाडीच्या कडेने आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे. दीपेशशेठनी मागील वर्षी वाटेच्या कडेने तारेचे कुंपण घातले.

मंगळवारी दि. ०७ रोजी सकाळी आमचा कुत्रा कुंपणाजवळ मरून पडलेला दिसला. तोंडाला भाजल्याचा डाग होता. मी वाडीचा रखवालदार सुनिल यास विचारले, "तारेत करंट सोडलाय काय?" तो बोलला, "शेठनी सांगितलं. डुकरं येतात. रातच्याला लावतो, सकाळी बंद." मी बोलले, "मग बोर्ड लाव. लाल फडकं तरी बांध." तो "बघतो" बोलला. मला त्याचा भरवसा वाटला नाही, म्हणून त्याच्याच मोबाईलवरून शेठना फोन केला. शेठ बोलले, "तुम्ही लोकं माझ्या वाडीच्या कडेने जाता कशाला?" मी बोलले, "शेठ, वाट तीच आहे." त्यांनी फोन ठेवला. बोर्ड लागला नाही. फडकेही बांधले नाही.

आज आम्हा दोघींना राब भाजायचा होता. भाताचे रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला व सुक्या फांद्या पसरून पावसाआधी जाळतात, त्याला राब म्हणतात. फांद्या भिकीने झाडावर चढून तोडल्या होत्या, मी चढत नाही. ऊन व वारा वाढायच्या आत उरकावे म्हणून आम्ही सकाळी ६.०० वा. शेतात गेलो. आग गवतात जाऊ नये म्हणून जवळ पाणी लागते. ७.३० च्या सुमारास भिकी बोलली, "बाय, तू पाला पसर, मी हंडा भरून आणते." ती स्टीलचा हंडा घेऊन गेली.

थोड्या वेळाने हंडा पडल्याचा आवाज आला. मी धावत गेले. वळणावर तार ढिली होऊन वाटेवर आली होती. भिकीचा उजवा हात तारेला चिकटला होता. ती ओरडत नव्हती. सुनिल पंपघराच्या ओट्यावर बसला होता. मी ओरडले, "बंद कर, बंद कर!" त्याने खिशातून मोबाईल काढला व फोन लावला. "शेठ, एक बाई चिकटली आहे, बंद करू काय?" असे बोलताना मी त्याला माझ्या कानांनी ऐकले. त्यानंतर तो आत गेला. तोवर मी सुक्या बांबूने मारून मारून तार तोडली होती.

मी सुनिलला विचारले, "दिवसा चालू कसा?" तो बोलला, "शेठ बोलले, आता दिवसापण ठेव. आंबे चोरीला जातात."

भिकीला गाडीत घालून दवाखान्यात नेले. ८.५० वा. डॉक्टरांनी ती मयत असल्याचे सांगितले. भिकी दीपेशशेठनी तारेत सोडलेल्या करंटने मेली. रघ्या अच्छाडला ट्रक खाली करायला गेला होता. तो ११ वाजता आला. त्याचे काय झाले ते मी सांगत नाही.

मी वाडीकडे परत गेले तेव्हा सुनिल तार गुंडाळत होता. मी तार धरली. त्याने ओढली. मी सोडली नाही. माझ्या डाव्या तळहाताला त्याचीच जखम आहे. सदर तार व तिला जोडलेली पंपघरातली काळी वायर मी गोणीत घालून आणली आहे व हजर केली आहे.

त्या वेळी शेठ गाडीतून आले. खाली उतरले नाहीत, काच अर्धी खाली केली. बोलले, "तिने तारेला हात लावायला नको होता. झालं ते झालं. तू आमच्या वाडीतलं माणूस, घरातल्या घरात मिटवू." मी बोलले, "भिकीपण तुमच्याच वाडीतली होती, शेठ." त्यांनी काच वर केली.

निलमला कोणी सांगितले ते मला माहीत नाही. ती शेतात जाऊन बसली आहे व उठत नाही, असा घरून फोन आला आहे.

तरी माझी दीपेश काशीनाथ राऊत व सुनिल या दोघांविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्या वेळी त्यात भिकी "अकस्मात मयत झाली" असे होते. मी ते खोडायला सांगितले. साहेब बोलले, "अशी लिहायची पद्धत आहे, बाई." मी बोलले, मग माझी सही नाही. आता मी बोलले तेच लिहिले आहे. दुसऱ्यांदा वाचून घेतले. बरोबर आहे.

(सही) हिरकणी प्रविण धोडी