गोंगाट म्हणून पुसलेला आवाज

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि ऐका. एखाद्या गोष्टीला आपण एक शब्द लावतो, मग तो शब्द आपल्याकडून काय काय करवून घेतो? कधी विचार केलाय? मग ही हकिकत ऐका!

कुमुदिनी घोलप म्हणून एक विदुषी. जुनी कीर्तनं कॅसेटवरून कॉम्प्युटरवर चढवायचं काम तिच्याकडे. आता आपलं कीर्तन कसं असतं? बुवा गातात, टाळकरी मागून ओळ उचलतात, समोरून हुंकार येतो, मध्येच एखादं पोर रडतं! पण पहिल्याच बैठकीत बाईंनी शब्द ठरवले. बुवांचा आवाज तो 'मजकूर'. बाकी सगळा 'गोंगाट'.

झालं! गोंगाट म्हटल्यावर तो ठेवतंय कोण? कॉम्प्युटरनं पुसून टाकला. बुरशी लागलेल्या कॅसेटी भंगारात गेल्या. वर बाईंनी शोधनिबंध लिहिला — कीर्तनात श्रोता मुका असतो! अहो, मुका कसला? तुम्हीच त्याचं तोंड दाबलंत! परिषदेत मात्र टाळ्या पडल्या.

मग एकदा तिची आई, सरूबाई, गावाहून आली. म्हणाली, ह्यांचा आवाज ऐकव. कुमुदिनीचे वडील, रंगनाथआप्पा, हयातभर बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे राहिलेले. आता ते नाहीत, आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही. त्या गोंगाटात आपला बाप आहे, हे त्या शब्दानं लेकीला आठवूच दिलं नाही! तिनं हौसेनं गावचं कीर्तन लावलं. बुवांनी अभंग सोडला — आणि पुढं शांतता.

सरूबाईनं कान जवळ नेला. "अगं, इथं ह्यांची ओळ होती. हे गात का नाहीत?"

कुमुदिनीला सगळं एकदम कळलं. "आई, मीच पुसलं त्यांना."

मंडळी, माणूस एकदा जातो. आप्पा दोनदा गेले, आणि दुसऱ्यांदा लेकीच्या हातून!

विद्वानांना हसणं सोपं आहे हो! तुमच्या घरात म्हातारं माणूस बोलायला लागलं, की तुम्ही काय म्हणता? 'झाली कटकट सुरू!' एकदा कटकट म्हटलं की कान बंद. ते बघा, खांबाजवळच्या भिकूशेटनी मान खाली घातली. शेट, आज गजर राहू द्या. उठा, घरी जा. तुमचे वडील अजून बोलतायत.