टेबलक्लॉथ आणि दोन चमचे पावडर

...नाही, मी काय म्हणतो, धुतला तर धुतला! कापड धुणं हा काय गुन्हा आहे? चौतीस वर्षं कचेरीत खिडकीमागे बसलो, कुणाच्या एका कागदाला कधी ओला हात लावला नाही. निवृत्त झालो, तर बायको म्हणते, "हार्लन, नुसता बसून राहू नकोस, घरात काहीतरी हातभार लाव." लावला! लावला हातभार! आता म्हणते, "तुला कुणी सांगितलं होतं?" अहो, तूच सांगितलं होतंस की! मी आपला मदत करायला गेलो!

तुम्हाला सांगतो, साधा टेबलक्लॉथ असता ना, तर मी आज तुमच्यासमोर असा तोंड पाडून बसलोच नसतो. पण आमच्याकडचा टेबलक्लॉथ म्हणजे टेबलक्लॉथ नाही, तो दस्तऐवज आहे. सासूबाईंनी सुरू केलेला. हेडविग त्यांचं नाव. बाई गोठा सांभाळायच्या, चाळीस गाई, आणि गाईंशी बोलायच्या त्याच आवाजात जावयाशी बोलायच्या. तर यांची पद्धत अशी की, थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या आभाराच्या सणाला, जो जेवायला बसेल त्यानं टर्की कापायच्या आधी त्या पांढऱ्या कापडावर पेन्सिलीनं आपली सही करायची, आणि सहीखाली यंदा कशाबद्दल आभार मानायचे ते एका शब्दात लिहायचं. मग जानेवारीत बर्फ पडला की माझी बायको लॉरेटा त्या पेन्सिलीवरून दोऱ्यानं भरतकाम करणार. दर वर्षी नवा रंग. झालं पक्कं. एक्केचाळीस वर्षांचं आहे ते कापड. मेलेली माणसं आहेत त्यावर, सोडून गेलेली आहेत, मेव्हण्याच्या तीन मैत्रिणी आहेत, तीन वेगवेगळ्या रंगांत!

आणि गंमत बघा, एक्केचाळीस वर्षं सासूबाईंनी कशाकशाचे आभार मानलेत! पाऊस. वासरू. गोठ्याचं छप्पर. मेव्हणा क्लेटन, त्याचा ताप उतरला म्हणून. क्लेटन, त्याला नोकरी लागली म्हणून. क्लेटन, नोकरी सुटली पण घरी परत आला म्हणून! एका वर्षी त्यांचा बंद पडलेला फ्रिज मी दुरुस्त केला, तीन रविवार घालवून, बोट कापून घेऊन. त्या वर्षी काय लिहिलं असेल? सांगा. 'फ्रिज'! फ्रिजचे आभार! आम्ही आपले बोटाला पट्टी बांधून समोर बसलोय.

असो. तर गेल्या वर्षी सगळ्यांनी सह्या केल्या. आणि जानेवारीत लॉरेटाच्या दोन्ही मनगटांचं ऑपरेशन झालं. सुई धरता येईना. एप्रिलमध्ये सासूबाई गेल्या. एक्क्याण्णवाव्या वर्षी, झोपेत, कुणाला त्रास नाही. त्या धामधुमीत भरतकाम राहिलं ते राहिलंच. हे मला माहीत असायला हवं होतं का? हवं होतं. मला आठवलं का? नाही आठवलं! माझ्या डोक्यात हिशेब सरळ: जानेवारी गेला, म्हणजे भरतकाम झालं.

गेल्या सोमवारी लॉरेटा चर्चच्या स्वयंपाकघरात सणाचं गोडधोड करायला गेली होती. चाळीस पंपकिन पाय, म्हणजे भोपळ्याचं सारण भरून भाजलेल्या गोड पोळ्या, दर वर्षीचंच ते. मी घरी एकटा. म्हटलं, चला, मदत करू. कपाटातून टेबलक्लॉथ काढला, उलगडला... मधोमध हा एवढा डाग. ग्रेव्हीचा. गेल्या वर्षीचा. कुणी पाडला? मीच. म्हणजे... मीच, मीच. ते सोडा. वर्षभर सगळ्यांनी त्या डागावरून मला सोलून काढलं होतं. क्लेटन तर भेटला की पहिलं वाक्य, "काय दाजी, हात कसा आहे? कप धरता येतो का?" म्हटलं, यंदा डागच नको. नळाचं गरम पाणी, एक चमचा पावडर. डाग हलेना. दुसरा चमचा. परत धुतला. वाळवला. इस्त्री केली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, कचेरीतल्या फाइलीसारखी घडी घालायला घेतली, आणि बघतो तर...

डाग तसाच! आणि नावं गेलेली!

हसू नका हो. पेन्सिलीच्या सहा सह्या, सहाच्या सहा, जणू त्या दिवशी कुणी जेवायला आलंच नव्हतं. खिडकीजवळ नेऊन बघितलं, चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. काही नाही. आणि डाग? मस्त! फुललेला! पावडरवाले मारे जाहिरात करतात, ग्रेव्ही जाते म्हणून. मी आपला मदत करायला गेलो!

बरं, पाच जण जिवंत आहेत. मी, लॉरेटा, क्लेटन, आमची मुलगी ब्रिजिट, तिची लेक टिली. गुरुवारी जेवायला येणारच, परत सह्या करा म्हटलं असतं. पण सासूबाई? त्यांची शेवटची सही होती ती. शेवटची! लॉरेटा उन्हाळाभर मनगटाचे व्यायाम करत होती, रबरी चेंडू दाबत. कशासाठी? म्हणायची, "हात बरा झाला की आधी आईची सही भरणार." मी शेजारी बसून चेंडूचे आकडे मोजायचो. आणि त्याच बाईला जाऊन सांगू, की बाई गं, आईची सही मी धुऊन टाकली, दोनदा, इस्त्रीही केली? तुम्ही सांगितलं असतंत? छातीवर हात ठेवून सांगा. नाही ना!

मग मी ठरवलं. तुम्हाला सांगतो, हे बोलताना आजही माझे कान तापतात. मी चौतीस वर्षं सह्या तपासल्या. जमिनीची खरेदीखतं, लग्नाचे परवाने, मृत्युपत्रं. एका पाद्र्याला मी परत पाठवलं होतं, सहीचं शेवटचं अक्षर थरथरलंय म्हणून. तो म्हणाला, "अरे, मीच आहे, तुझं लग्न मी लावलंय!" म्हटलं, "ते खरं, पण सही जुळत नाही." आणि तो मी, मंगळवारी, तळघराच्या खिडकीच्या काचेला टेबलक्लॉथ चिकटवून, सासूबाईंची सही गिरवायला बसलो. त्यांचा तो एच, समोरासमोर ठेवलेल्या दोन खुर्च्यांसारखा. आणि पुढची अक्षरं अशी उतरणीवरून गडगडत जाणारी. नमुने भरपूर, चाळीस वर्षांचे चाळीस! जुन्या पाकिटांच्या पाठीवर दोनशे वेळा काढली. शेवटी अशी जमली, अशी जमली, की माझीच मला भीती वाटली.

वरून लॉरेटा हाक मारते, "हार्लन, खाली काय करतोयस?"

"फर्नेस बघतोय!" घर तापवायची भट्टी तळघरातच ना.

"काय झालंय त्याला?"

"काही नाही!"

"मग बघतोयस काय?"

मी फर्नेसवर उगाच दोन टोले मारले.

सही जमली. पुढचा शब्द? बाकीच्यांच्या सह्याही मीच काढल्या, त्यांचे शब्द सोपे होते. क्लेटन दर वर्षी 'फुटबॉल' लिहितो. ब्रिजिट 'टिली'. टिलीनं मांजर काढली होती. लॉरेटा 'सगळे'. मी 'पेन्शन'. पण सासूबाईंनी गेल्या वर्षी काय लिहिलं होतं, देवाला ठाऊक! परीक्षेतल्या पोरीसारखा हात आडवा धरून लिहिलं होतं, माझ्या शेजारीच बसून, आणि वर माझ्याकडे बघून हसल्या होत्या. सासूबाई हसल्या म्हणून मी घाबरून पलीकडे बघितलं. काय लिहिलं असेल? पाऊस? वासरू तर नव्हतं, गाई विकून बारा वर्षं झालेली. क्लेटन? त्या वर्षी त्याला ना ताप होता ना नोकरी.

एक क्षण, खोटं कशाला बोलू, मनात आलं की लिहावं 'हार्लन'. कोण बघतंय? कापड माझ्या हातात, पेन्सिल माझ्या हातात. एक्केचाळीस वर्षांत एकदा तरी! पेन्सिल टेकवलीसुद्धा. पण म्हटलं, नको. खोटी सही एक वेळ चालेल, पण इतकी खोटी गोष्ट कोण खरी मानेल? मग लिहिलं 'लॉरेटा'. आईनं लेकीचे आभार मानले. यात कोण शंका घेणार? मी आपला मदतच करत होतो हो!

गुरुवार उजाडला. घरात टर्कीचा वास, बाहेर क्लेटनची गाडी. दोन वाजता टेबल मांडलं. लॉरेटानं कापड अंथरलं, हातानं सारखं केलं, आणि म्हणाली, "अगंबाई, इस्त्री कुणी केली?"

मी म्हटलं, "मी. मदत म्हणून."

तेवढ्यात टिली ओरडली, "आजोबा! माझ्या मांजरीची शेपूट कुठंय?"

बघा! सहा नावं, पाच शब्द, एक मांजर, सगळं बिनचूक, आणि गळाली काय तर शेपूट! "असेल गं तिथंच," मी म्हणतो. "नाहीये! मी लांब काढली होती, आईच्या नावापर्यंत जात होती!" ब्रिजिट वाकली. क्लेटन वाकला. "दाजी, माझ्या सहीला हा काय वळसा? मी कधी एवढं नीट लिहितो का?" मी म्हटलं, "जेवण गार होतंय!" कुणी ऐकेल तर शपथ.

लॉरेटा मात्र कापडाजवळ आली. तिनं चष्मा लावला, आईच्या सहीवर बोट ठेवलं, ते खालच्या शब्दावर सरकवलं. तिथंच थांबली. मग शांतपणे, अगदी सासूबाईंच्या आवाजात म्हणाली, "हार्लन, तू चौतीस वर्षं सह्या तपासल्यास ना? ये. ही बघ. खरी वाटते?"

काय सांगू तुम्हाला! सगळं टेबल माझ्याकडे बघतंय. मी वाकलो. सही अप्रतिम होती हो, खिडकीवर आली असती तर मी डोळे मिटून शिक्का मारला असता. पण बायको समोर उभी, मनगटांवर ऑपरेशनच्या खुणा. तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं? "जुळत नाही."

"दाजी, म्हणजे...?" क्लेटन.

"धुतला," मी म्हटलं. "दोन चमचे पावडर."

मग टिलीनं विचारलं, "मग शेपूट पाण्यात गेली?" आणि लॉरेटा म्हणाली, "बसा सगळे. जेवा." टर्की कशी झाली होती विचाराल तर मला माहीत नाही. मी चावत होतो एवढं आठवतं.

जेवणानंतर भांडी घासायला गेलो. लॉरेटा पुसायला आली. एक थाळी पुसली, दुसरी पुसली.

"आईनं माझं नाव लिहिलं नव्हतं," ती म्हणाली.

"मग?"

"मार्चमध्ये मला म्हणाली होती. म्हणाली, ग्रेव्ही मी सांडली, हात थरथरला. तुम्ही सगळे बाहेर क्लेटनचं टर्की तळणं बघत होतात. तुम्ही आत आलात आणि मी तोंड उघडायच्या आत जावई म्हणाला, मी सांडली. तेव्हापासून बोलणी खातोय, पण ब्र काढत नाही."

आता आलंच आहे तर सांगतो. खरं आहे ते. काय करणार? एक्क्याण्णव वर्षांत ज्या बाईनं दुधाचा थेंब सांडला नाही, ती त्या डागाकडे असं बघत होती, जणू कुणी तिला तिच्याच गोठ्यातून बाहेर काढलंय. निघून गेलं तोंडातून. त्यात काय एवढं.

"म्हणून तिनं तुझं नाव लिहिलं," लॉरेटा म्हणाली. "डागाच्या शेजारी. 'हार्लन.' मला म्हणाली, आधी सांगू नकोस, फुगेल. भरून झालं की दाखव."

माझ्या हातातली थाळी पाण्यात गेली.

म्हणजे बघा तुम्ही. एक्केचाळीस वर्षांत बाईंनी एकदाच माझे आभार मानले. एकदाच! आणि ते मी स्वतःच्या हातांनी गरम पाण्यात घालून दोनदा धुतले. वरून खोटी सही करून त्या जागी बायकोचं नाव लिहिलं!

मी म्हटलं, "लॉरेटा, मग आता भर ना तिथं. 'हार्लन.' तुला माहीत आहे, मला माहीत आहे."

"पेन्सिलीवरूनच भरायचं, ही आईची पद्धत. तू सांग, कचेरीत मूळ कागद नसताना नक्कल दिली असतीस?"

नसती दिली. पाद्र्याला सूट दिली नाही, मला कोण देणार?

खोडरबर घेऊन तिनं ते 'लॉरेटा' पुसलं, सहीही पुसली. जागा कोरी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर लॉरेटाबाई खिडकीशी बसल्यात, मांडीवर कापड, हातात सुई, आणि ग्रेव्हीच्या डागाच्या कडेकडेनं तपकिरी दोरा घालतायत. हळूहळू, मनगट दुखलं की थांबत. म्हणते, "आईच्या हातचं शेवटचं एवढंच उरलंय."

तेवढ्यात क्लेटन आला, उरलेली टर्की न्यायला. बघून हा हसला! "काय दाजी, डागाला चौकट? आता हा कायमचा झाला म्हणायचा! दर वर्षी येईल त्या पाहुण्याला दाखवणार मी, आमच्या दाजींनी सांडलेली ग्रेव्ही!" मी लॉरेटाकडे बघितलं. ती सुईतून मान वर काढेना, पण खांदे हलत होते तिचे.

"काय दाजी, तुमचीच ना ही करामत?"

म्हटलं, "हो बाबा. माझीच. मी आपला मदत करायला गेलो होतो."